पायगुणाचा माणूस

नाही, नाही, ते नारळ-दुपट्टा पहिले पिशवीत टाक, मंग बस. बस म्हन्लं ना! चहा देते तुले, पानी देते, दोन घास जेवून बी जाय, पन उन्नतीच्या बाबायले तुह्या विक्कीच्या बारातीत गाडीनं पाठवनार नाही म्हन्जे नाही. — हो, आत पडले हायेत, अन् पडूच दे त्यायले. — बाप्पा, तू बी का वं? सारी कॉलनी येऊन गेली, त मी म्हन्लं, जाऊ दे, बिनडोक लोकं, यायच्या तोंडी कोन लागते! पन वच्छला, तू! रेल्वेच्या ज्या डब्यातून उन्नतीचे बाबा जिते निघाले, त्याच डब्यातून तुह्या नवऱ्याले, ओमप्रकाशभाऊले, चादरीत गुंडाळून काढलं, अन् आज तूच हातात नारळ घेऊन माह्या दारात — का, त हे शालिकरामकाका पोराच्या डब्यात बसले पाहिजेत, म्हन्जे बारात गोंदियाले सुखरूप पोहोचते. हसू का रडू, तूच सांग मले.

चालू कोनी केलं हे? त्या पेपरवाल्यानं. 'चमत्कारी काका'! हाताएवढा फोटो छापला ह्यायचा, अन् मेलेल्यायची नावं खाली, मुंगीएवढ्या अक्षरात — ओमप्रकाशभाऊचं त आडनाव बी चुकवलं. अन् डबे रुळावरून खाली कावून आले, ते कुठंच नाही छापलं. तुले माहीत हाये का कावून आले? मले नाही. कोनालेच नाही. चौकशी चालू हाये म्हन्तेत. चौकशी बरी चालू राहते यायची, गाडीच तेवढी पडते! अन् ते रेल्वेचे साहेब लोकं, आठवते का तुले — नाही, तुले कशाचं आठवते, तू त त्या दिवशी भिंतीले डोकं आपटून राहिली होती — दवाखान्यात आले, ह्यायच्या गळ्यात हार घातला. जिता राहिला म्हनून हार! एक जन म्हन्ते, आप बड़े भाग्यशाली हैं. मी म्हन्लं, साहेब, त्यायनं तिकीट काढलं होतं, लॉटरी नाही. त तोंड फिरवून गेला तिकडे, फोटो काढायले.

तेव्हापासून लागली लाईन. कोनाचा साखरपुडा, कोनाची तेरवी, कोनाची पोरगी पहिल्यांदा सासरी चालली — काकायले संग न्या, काकायचा पायगुन चांगला. खिडकीपाशी बसवतेत, दुपट्टा घालतेत, गाडी सुटायच्या पहिले बायका त्यायचा हात डब्याले लावून घेतेत. देवाचा हत्ती समजतेत का काय! आमच्या शेजारच्या सिंधुताईचं सांगते तुले. पोरीच्या सासरी जायले सुपेल्याच्या बसस्टँडवरून भाड्याची बस केली, ह्यायले डायव्हरच्या मांगं बसवलं. त्या बसचे टायर पाह्यलेस तू? गोटे झाले होते गोटे, हात फिरवला त गुळगुळीत लागे — पन समोर लिंबू-मिरची एकदम ताजी! त्यात डायव्हरले कोनी तरी सांगितलं का हे ते गाडीतून वाचलेले काका. झालं. एका हातानं मोबाईल, एका हातानं स्टेअरिंग, समोरून ट्रक येऊन राहिला तरी ओव्हरटेक, अन् वरतून म्हन्ते कसा — काका बैठे हैं, कुछ नहीं होगा. हे पाह्य, असं होते. शुभ मानूस बसला का मंग ब्रेक पाहायची गरज नाही, टायर बदलायची गरज नाही. नीट पोहोचले, त सिंधुताई मले म्हन्ते, पाह्यलं का शकुबाई, पायगुन! मी म्हन्लं, पायगुन नाही बाई, समोरच्या ट्रकवाल्यानं गाडी रस्त्याच्या खाली घातली म्हनून वाचले तुमी.

अन् हे आपन भिलाईचे लोकं! लाज वाटाले पाहिजे. नवऱ्यायनं जिंदगी स्टील प्लांटात काढली. तिथं हेल्मेट नाही त गेटातून आत सोडते का? नाही सोडत. भट्टीजवळ कोनी शुभ मानूस नेऊन बसवते का, का भाऊ तू बसून राहा इथं, म्हन्जे लोखंड अंगावर उडनार नाही? त्या दिवशी मी ह्यायलेच म्हन्लं, तुमी त सेफ्टीची शपथ घ्यायचे हात वर करून, अन् आता लोकायच्या बारातीत ताईत बनून फिरता! कोनी आलं का मान खाली घालतेत अन् चप्पल शोधतेत. नाही म्हनता येत नाही त्यायले. कावून येत नाही, ते मले माहीत हाये, पन सोड ते.

— काय म्हन्लं? एवढ्या लोकायसंग गेले, कोनालेच काही झालं नाही? वा! अवं, एवढाच पायगुन असता ह्यायचा, त त्या दिवशी हा शुभ मानूस कुठं बसला होता? तुह्या नवऱ्याच्या मांडीले मांडी लावून! एकाच डब्यातली भाजी खाऊन राहिले होते दोघं! मंग त्याले कावून नाही वाचवलं ह्यायच्या पायगुनानं? सांग ना, कावून —

वच्छला. ए वच्छला. बोलून गेली मी. जळो माही जीभ. पूस ते डोये. घे, पदर घे माहा. — पन याच्याचमुळं त्यायले कोनाले नाही म्हनता येत नाही, समजलं का तुले? तेवढंच. लोकं म्हन्तेत काका वाचले, अन् त्यायले वाटते आपन वाचलो म्हन्जे कोनाचं तरी देनं लागतो. ज्यानं बोलावलं त्याच्यामांगं निघतेत. अन् गाडीत काय होते त्यायचं, ते तुमी कोनी पाह्यलं? खिडकीची दांडी धरून बसतेत ते, सोडतच नाही, हाताची सालं निघतेत. पुलावर गाडी आली का डोये मिटून घेतेत. तुमाले वाटते काका पूजा करून राहिले, मंत्र म्हनून राहिले. मंत्र नाही वं बाई! घरी आले का मले न सांगता पायजमा धुवून टाकतेत, म्हन्तेत पानी सांडलं. दरवेळी पानीच सांडते का? साठीच्या वरचा मानूस... हे बाहेर बोलू नको, वच्छला. तुले ओमप्रकाशभाऊची आन हाये. कोनालेच नाही.

म्हनून म्हन्ते, नाही पाठवत मी. विक्कीले म्हन, बिनधास्त जा, नाचत जा, जे होईन ते — नाही, काही नाही होत, सारे जातेतच ना. — काय पाहून राहिली तिकडे? ती बॅग? ती उन्नतीची. उद्या नागपूरले चालली, नोकरीवर हजर व्हायचं हाये तिले. — दुसरी? ती बी... ती ह्यायची. अवं, पोरगी हाये, पहिली नोकरी, एकटी कशी पाठवू? बाप संग जातेच ना! कोनाचा बी बाप जाते. तिची खोली पाहायची, गॅस पाहायचा, आजूबाजूचे लोकं कसे हायेत — असं नको पाहू माह्याकडे. त्याच्यात पायगुनाचं काय आलं?

बरं. आलं. आलं म्हन्ते ना! परीक्षेले गेली तेव्हा बी पाठवले, इंटरव्ह्यूले बी पाठवले. पोरगी बोंबलून राहिली का मम्मी, पापा को रहने दो, मैं अकेली चली जाऊँगी, अन् मीच, दांडी घट्ट धरनाऱ्या मानसाले खिडकीपाशी बसवून आली, अन् वरतून त्यायचा हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतला. सिंधुताई परवडली, तिनं पायजमे त नाही पाह्यले. मी पाहून पाठवलं. माही पोरगी पोहोचली पाहिजे बस, मंग ह्या मानसाचं काय बी होवो. अन् तुले सांगून राहिली होती सेफ्टीची शपथ! थू माह्या अकलेवर.

उन्नती! ए उन्नती! बाहेर ये जरा. बाबायची बॅग खाली कर, कपडे अलमारीत ठेव. — हो, आताच. तू एकटी जाशीन उद्या. — खुश नको होऊ जास्त, मी काही आनंदानं नाही सांगून राहिली. जाय, एकटी जाय, जशी सारी दुनिया जाते देवाच्या भरवशावर. पोहोचली का फोन कर. मधात बी कर. राजनांदगावले कर, डोंगरगडले कर.

अवो, तुमी कावून उठले? चप्पल कावून घातली? — कुठंच नाही जायचं तुमाले. वच्छला अशीच आली, बसायले. — नाही, विक्कीच्या बारातीत बी नाही. — उन्नतीसंग बी नाही. — हो, खरंच म्हन्ते. आता कोनासंगच नाही, गाडीनं नाही, बसनं नाही, कधीच नाही. — अवो... खाली कावून बसले असे? अवो, काय झालं? रडता कावून? पाहा ना इकडे —

वच्छला, जाय तू आता. जाय म्हन्लं ना.