चुलीपाशी रेंज नाही

“हॅलो? आई?... बोल गं. आत्ताच झोपलीय संस्कृती, म्हणून हळू बोलते...”

मोबाईलवर नाव ‘आई’ असंच उजळलं होतं. नागापूरच्या, कंपन्यांलगतच्या वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत दुपारचे बारा ते एक हा भारतीचा चोरून मिळवलेला तास. नवरा सचिन पहिल्या पाळीला कंपनीत, दहा महिन्यांची लेक झोळीत, पायाच्या अंगठ्यात झोळीची दोरी आणि मांडीवर जुना लॅपटॉप. पण फोनमधून आलेला आवाज आईचा नव्हता.

“...रुपाली. आजही तूच... नाही, काही नाही. बोल.”

रुपाली म्हणजे थोरल्या भावाची, गोरखदादाची बायको. राजूरच्या शाळेत दोघी एका बाकावर बसलेल्या, त्यामुळं ‘अहो वहिनी’ भारतीच्या जिभेवर कधी बसलंच नाही. भंडारदऱ्याला धरणाच्या अलीकडं भारतीचं माहेर. त्याच घरात दादानं आणि रुपालीनं पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या होत्या. मे सरत आला होता, काजवे बघायला येणाऱ्या गाड्यांचे तीन आठवडे तोंडावर होते, आणि रुपालीच्या आवाजात सकाळपासून साठवलेलं सगळं होतं.

“हो, हो... अगं ऐक ना... अगं आधी ऐक तरी. मी काहीच केलेलं नाही... नाही, सचिननं पण नाही. तो दिवसभर मशीनवर उभा असतो, त्याला गुगलमध्ये कोण ओळखतंय... कुणाच्या वशिल्यानं नाही गं. तिथं वशिला चालत नाही... काय टाकून शोधलंस? ‘भंडारदरा लहान बाळ राहण्याची सोय’. बरं... आणि सगळ्यात वर माझं पान. आणि तुमचं?... किती खाली?... एवढं खाली कोण जातं, रुपाली.”

ते पान भारतीनं सात महिन्यांपूर्वी लिहिलं होतं. बाळंतपण उरकून, तीन महिन्यांची लेक घेऊन ती माहेराहून नागापूरला आली, आणि दुपारच्या तुकड्यातुकड्यांत, एका हातानं झोळी हलवत, दुसऱ्या हातानं तिनं ते टाईप केलं. तान्ह्या लेकराला घेऊन भंडारदऱ्याला कसं जावं. राजूरच्या पुढं वळणं सुरू होतात, त्याआधी पाजू नका. दूध कुठं गरम करून मिळतं. वाऱ्याच्या दिवसांत कोणत्या बाजूची खोली मागायची. आणि मनकर्णा मावशींकडं उतरलात तर त्या तुमच्या बाळासाठी आढ्याला झोळी बांधून देतील, चुलीवर नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज करून देतील. खाली मावशींचा नंबर, आणि त्याखाली एक ओळ: मावशींचा फोन मध्येच तुटला तर रागावू नका. त्या चुलीपाशी गेल्या असतील, तिथं रेंज नाही. अर्ध्या तासानं करा.

मनकर्णा म्हणजे तिची आई.

“मी तुमचं पान खाली ढकललं असं कसं म्हणतेस? ते ढकलायला माझ्या हातात काय आहे... हे बघ, ते नेमकं कसं ठरवतात हे ते कुणालाच सांगत नाहीत. पण थोडंफार कळतं... तुझ्या त्या वेबसाईटवाल्यानं काय करून ठेवलंय, बघितलंस का कधी?... पहिल्या नंबरची गॅरंटी दिली होती? अशी गॅरंटी देणाऱ्याला चहासुद्धा विचारायचा नाही... अगं, ‘भंडारदरा होमस्टे’ एवढंच त्यानं खाली सेहेचाळीस वेळा लिहिलंय. मी मोजलं... तुला दिसणार कसं? पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय. माणसाला दिसू नये आणि मशीनला दिसावं म्हणून... कळतं गं मशीनला. फसवू राहिले म्हणून मागं टाकते.”

पलीकडून रुपाली काहीतरी बोलत राहिली. भारतीनं फोन कानापासून वीतभर लांब धरला, झोळीत डोकावली, पुन्हा कानाला लावला.

“...स्टार पण मीच काढले? पाचच्या पाच? रुपाली, ते जाणारच होते. आपल्या छबूबाईच्या पोराच्या हळदीत दादा मांडवभर फिरत होता, ज्याच्या त्याच्या हातातून मोबाईल घेऊन स्टार देत. मी तिथंच होते की, माझ्याही हातातून घेतला त्यानं... तासाभरात चौतीस जण. सगळे एका मांडवातून. सगळ्यांचं एकच वाक्य, ‘सोय खूप छान आहे’. त्यातलं तुमच्या खोल्यांत झोपलंय कोण? बायडाबाई आत्याला तर वाचता येत नाही, तिनं काय लिहिलं?... बरं, भावकी आहे म्हणून मदत केली. पण मशीनला भावकी कळत नाही. तिला एवढंच दिसतं की एका जागी बसून चौतीस जणांनी एकच गोष्ट म्हटली.”

“आता मी विचारू?... माझं लिखाण तुमच्या वेबसाईटवर जसंच्या तसं कुणी चिकटवलं?... त्याचाच माणूस असेल, हो. पण वाचायचं तरी. ‘माझ्या संस्कृतीला दुसऱ्या वळणावर उलटी झाली.’ तुला दोन मुलगे, रुपाली. संस्कृती कुठून आणलीस?... हसत नाही मी. एकच मजकूर दोन ठिकाणी दिसला तर ते बहुतेक एकच दाखवतात. आणि आधीचा माझा निघाला.”

भारतीला खरं म्हणजे हसू आलं होतं, पण ते घशातच राहिलं, कारण पलीकडच्या बाईला हसू येण्यासारखं काहीच झालेलं नव्हतं.

“माझंच का वर?... माहीत नाही. खरंच. लोक येतात, पूर्ण वाचतात. कुणी आपल्या पानावर लिहितं की बाळ घेऊन निघाला असाल तर हे वाचून जा. अकोल्याच्या एका अंगणवाडीच्या ताईंनी लिहिलंय. एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय. मी कुणाला सांगायला गेले नव्हते... त्याचं वजन पडतं... कसं म्हणजे? तुझं स्थळ आलं तेव्हा आमच्या आईनं तुला विचारलं होतं का, तू कशी आहेस म्हणून? मला विचारलं. शाळेतल्या बाईंना विचारलं. तुमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याला विचारलं. तू स्वतः किती चांगली सांगतेस त्याला काय अर्थ, दुसरे काय म्हणतात ते बघायचं. तसंच हे... हो, माझ्या शब्दावरच आलीस तू त्या घरात. मी विसरले नाही. तू विसरलीस.”

हे बोलायला नको होतं, असं भारतीला त्याच क्षणी वाटलं. पण एकदा तोंडातून गेलेलं लॅपटॉपवरच्या अक्षरासारखं खोडता येत नाही.

“...काढून टाक?... अख्खं पान?... शनिवारच्या आत. का?... ‘गिऱ्हाईक आमचं आणि नाव म्हातारीचं’... परत म्हण, काय म्हणालीस आईला?... नाही, मला नीट ऐकू आलं. मी एक रुपाया घेत नाही त्या पानाचा, आणि त्यातून येणारं गिऱ्हाईक तुमच्याच खोल्यांत झोपतं. मग अडचण काय?... फक्त नंबर बदल? तुझा टाक?... आणि नाही टाकला तर?”

अंगठ्यातली दोरी थांबली.

“...म्हणजे, माहेर बंद... असं दादा म्हणतोय का तू?... शेजारीच बसलाय? मग दे त्याला... नाही, दे ना. त्याच्या तोंडून ऐकू दे... उठून गेला?... बरं.”

झोळी हलायची थांबली तशी संस्कृती कुरकुरली. भारतीनं दोरी पुन्हा ओढायला घेतली, जरा जोरातच. राग चढला की तिच्या बोलण्यातलं नागापूर गळून पडायचं आणि खाली घरची बोली तशीच शाबूत निघायची.

“आता तू ऐक. आईचा फोन तुझ्याकडं कधीपासून हाय?... चार दिवस न्हाई. तीन आठवडे. मी लावला की तूच. आई रानात गेलीय, आई निजलीय, आई देवळात गेलीय. माझी आई इतकी देवळात कधी जायला लागली?... मला कसं कळलं? पानाखाली लोक लिहित्यात, रुपाली. सुप्याची एक बाई आल्ती तुमच्याकडं, सहा महिन्यांचं लेकरू घेऊन. वाचून दाखवते. थांब... न्हाई, थांब. ‘मावशींच्या नंबरवर दुसऱ्याच बाई बोलल्या, मावशी गावाला गेल्यात म्हणाल्या. आम्ही पोचलो तर मागच्या दाराशी एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. बाळाकडं बघून हसल्या, पण जवळ आल्या नाहीत. जेवण आचाऱ्याच्या हातचं होतं. पेज मिळाली नाही.’... ऐकलंस?... पाच दिवस झाले ते वाचून. रोज वाचते.”

“...धूर होतो?... गिऱ्हाईकांपुढं बरं दिसत न्हाई? काय बरं दिसत न्हाई, चूल का आई?”

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग रुपाली पुन्हा सुरू झाली, कर्ज, आचारी, पुण्याचे लोक, शहरी चवीची तोंडं, ‘तू तिथं बसून पानं लिहितेस, इथं आम्ही झाडतो’. यातलं काही खोटं नव्हतं, हे भारतीला कळत होतं. म्हणूनच ती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिनं लॅपटॉपचं झाकण पूर्ण उघडलं, पान काढलं आणि मोबाईल खांदा आणि कान यांच्यात धरला.

“झालं बोलून?... पान मी काढत न्हाई. पण तुझं एक म्हणणं बरोबर हाय. त्यात आता खोटं हाय. ते दुरुस्त करते... आत्ताच. लिहिता लिहिता वाचते, ऐक. ‘मनकर्णा मावशी आता स्वयंपाक करत नाहीत.’ पुढं... ‘त्यांचा फोन त्यांच्याकडं नसतो.’ पुढं... ‘त्या मागच्या दाराशी बसलेल्या असतात. भेटायचं असेल तर तिथं जा.’... धमकी कशाला? यातली एक ओळ खोटी असली तर सांग, खोडते... शनिवारी येणारे सगळे वर काय हाय ते आधी वाचत्यात, हे तूच म्हणालीस मघाशी... न्हाई, अजून दिसत न्हाई कुणाला. बटण दाबायचं बाकी हाय.”

“...हॅलो? हायेस का?”

“काय पायजे म्हणजे? मला काहीच नको... तुमचं घर, तुमच्या खोल्या. आचारी पण राहू दे, पनीर करू दे त्याला... पेज आईची. आन् फोन आईचा. एवढंच... उद्यापासून न्हाई. पुण्याची गाडी आज येणार म्हणालीस ना, लेकरू घेऊन? मग आज... हो, मला ‘नालायक’ म्हण. ऐकून घेतलं... पुन्हा उंबऱ्यात येऊ नको? येणार की. रस्ता मला पाठ हाय, मीच लिहिलाय... आईला दे. मी धरून बसते.”

पावलांचा आवाज, कोंबडीचा आवाज, रुपालीचं तुटक ‘घ्या, तुमच्या लेकीचा’. भारतीचं बोट अजून बटणाशेजारीच होतं.

“आई?... हो, मीच गं... न्हाई, भांडत न्हाई. आमचं आपलं नेहमीचं... चौथा दात आलाय. वरचा... चावती, हो, लई चावती... तू कशी हायेस?... लसूण? लई झाला लसूण. ठिव आता... ऐक, आज पुण्याची गाडी यायचीय. आठ महिन्यांचं लेकरू हाय. नागलीची पेज लागंल त्याला... तूच, मग कोण... रुपालीच म्हणाली... हो. खरंच म्हणाली. विचार तिला... आई, रडती का तू?... मग आवाज असा का येतोय?... चालती हायेस? कुठं निघालीस?... ती नागली आता मी इथून कशी शोधून देऊ, तुझ्याच डब्यात असंल... काय? तुटतंय... झोळीचं लुगडं वर हाय, माळ्यावर, मीच ठेवल्तं... आई?... हॅलो?... हॅलो?”

फोन तुटला होता.

भारतीनं तो परत लावला नाही. झोळीतून संस्कृती टक्क डोळ्यांनी तिच्याकडं बघत होती. कधीची जागी होती कोण जाणे. तिला एका हातानं उचलून कडेवर घेत भारतीनं दुसऱ्या हातानं त्या नव्या तीन ओळी मागून पुढं, एकेक अक्षर करत खोडल्या. त्यांच्या खाली, फोन तुटला तर रागावू नका, ही जुनी ओळ होती तशीच होती. ती तिनं पुन्हा एकदा वाचली आणि घड्याळ बघितलं. एकला दहा कमी. अर्धा तास थांबायचं होतं.