टोळीला वैद्य हवा

दातांच्या दवाखान्यात माझ्यामागच्या बाकावर सासू-सून नंबराची वाट बघत होत्या.

"अगं, त्या ऑनलाइन खेळाचे फुकटचे पंधरा दिवस आज संपतात. वर्गणी भरू का?"

"आई, एवढं आहे तरी काय त्यात?"

"तलवार घेऊन राक्षसांच्या मागे धावते मी! काल ड्रॅगनने तीनदा भाजून काढलं. आमच्या टोळीत जखमा बऱ्या करणारी वैद्यीणच नाही. तू होतेस?"

"छे! घरी सगळ्यांची दुखणीखुपणी मीच काढते, आता तिथेही तेच? मला कुऱ्हाड हवी."

"दोघी लढलो, तर मलमपट्टी कोण करणार?"

"तुमचे चिरंजीव."

"अगं, रक्त दिसलं तरी त्याला घेरी येते!"

"येऊ दे. शिकतील हळूहळू. भरा तिघांची वर्गणी!"