कावेरीची शाळा

हॅलो?… कोण?… अहो बाई, नाव कशाला सांगता? प्रार्थनेला तुम्ही हाक मारलीत की खाडीतले होडीवालेसुद्धा वल्ही थांबवायचे. तो आवाज विसरेन होय?

हो, देवबागातच… ऑफिसात. आता फोन इथे बसूनच घ्यायचा असतो… हो, सर समोरच आहेत… सर, नर्मदाबाई. तुमच्याआधीच्या मुख्याध्यापक… नाही, लवकर ठेवते.

काय म्हणता, कावेरीला नोकरी लागली? तुमची नात ती, शिक्षिकाच होणार… उद्या शाळा निवडायची? आमच्याकडची जागा?… माझीच ती. वैभववाडीला बदली झालीय माझी. पण नवीन कोणी हजर झाल्याशिवाय सोडत नाहीत… हो. कावेरी आली की मी सुटले.

शाळा?… चांगली आहे. शिस्त आहे… पाढे? म्हणतात ना… नाही, फुगडीच्या तालावर नाही आता. वर्गाबाहेर आवाज जात नाही… भरती-ओहोटी फळ्यावर शिकवतो… समुद्र आहे की, जागच्या जागी… मी?… बरी आहे. बाई, ते आत्ता नका विचारू.

थांबा हं… सर भायर गेले. आता ऐका.

नाय हो, ओरडणत नाय. आवाजसुदीक चढवणत नाय. काय केला तरी इतक्याच म्हणतत, "कोणाला विचारून?" पयलो राग येय. मगे भीती. आता कायच वाटना नाय… त्या दिवशी आमची शेवंती, चौथीतला चेडू, जितो शंख घेऊन इला. आत हलणारो. "बाई, बघा" म्हणाला. आणि माज्या तोंडातून काय भायर पडला म्हायत आसा?… "सरांका इचारलंस?" चेडवान हात पाठी घेतल्यान…

नाय, रडनंय नाय मी… अहो, तुमी खंय चुकलात? तुमी शाळा दिलात ती तशी नाय ऱ्हवली, इतक्याच…

कावेरीक काय सांगू म्हणतास?… माका जावचा आसा, बाई. लय जावचा आसा. म्हणानच खरा सांगूक जीभ रेटना नाय…

हो… सर आलेत… हो, ऐकू जातंय त्यांना… नाही, ठेवत नाही. बोलते.

बाई, कावेरीला ही शाळा घेऊ देऊ नका.