परवानगी न्हाई

...न्हाई साहेब, बसा तुम्ही. शहागडच्या फाट्यावर गाडी येळेवर आली असं कधी होत न्हाई. तर मी काय सांगून राह्यलो व्हतो — हां, दिल्लीची परिषद. मशीनच्या बुद्धीनं कसं वागावं, त्याचे साऱ्या जगाचे नियम करायला देशोदेशीचे लोक आल्ते. तुम्ही म्हणाल, तिथं ह्या भुजंगचं, म्हंजे माझं, काय काम? काम व्हतं ना. आमच्या उषाबाईचा — बायको माझी — आवाज गेल्ता चोरीला. झालं काय, एका कंपनीची माणसं बचत गटात आली, म्हणली, मावशी, गावाकडचं बोला जरा, बोलीचा अभ्यास हाय. ही बोलली. मंग वरीसभरानं मी खताच्या हेल्पलाइनला फोन लावला, तर तिकडून हीच — "बोला दादा, पिकाला काय झालं?" नवऱ्याला दादा. बोलत व्हती मशीन, पण आवाज बराबर हिचा. ही म्हणली, "मला कुणी इचारलं का?"

एका संस्थेच्या बाईनं हिची तक्रार वर धाडली, अन् बोलावणं आलं. तसं हिच्याच नावानं आल्तं — पण बाईमाणूस एवढ्या लांब कुठं जाईल, म्हणून मीच गेलो. हिला इचारलं का? त्यात काय इचारायचं.

तिथं सगळ्यांच्या कानात यंत्र, कुणी काही बोलो, ज्याला त्याला आपल्या भाषेत ऐकू येतं. मी उठलो, म्हणलं, "आवाज घ्यायला आमची परवानगी न्हाई." सगळे गंभीर झाले. एका गोऱ्या बाईनं डोळे पुसले. मागून कळलं, यंत्राला 'न्हाई' म्हंजे न्हाणं वाटलं — हा माणूस न्हायची परवानगी मागून राह्यलाय. जल्दी ठराव केला, आंघोळ हा माणसाचा हक्क हाय. टाळ्या. मला टॉवेल दिला. चांगला हाय टॉवेल.

घरी आलो, हिनं टॉवेल पाह्यला, तव्हापासून बोलणं बंद. बिलकुल बंद. ताटात भाकर येती, शब्द येत न्हाई. का रागावली, कळंना. मंग मी — म्हंजे कधीमधी — हेल्पलाइनला फोन लावतो. पिकाला काही झालेलं नसतं, तरी लावतो. "बोला दादा," म्हणती. काल म्हणलं, उषे, घरात कामून बोलत न्हाई तू? तर म्हणती, "कळलं न्हाई दादा, पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. लई येळ —

गाडी आली तुमची. जावा साहेब, जावा.