पुकारलेलं नाव

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय सुनंदाताई पागे, प्रमुख पाहुणे श्री. अनिल सराफ, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत त्या मृण्मयीताई दिघे, आपल्या मराठी समाजाचे सचिव शैलेंद्रजी, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी या पंख्यांच्या भरवशावर येऊन बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी श्रीकांत मुळ्ये. कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणजे घडून गेलेलं सांगण्यावरच माझं पोट आहे. तरी आज इथे उभं राहताना मी थोडा अडखळतो आहे. त्याचं कारण आधी सांगतो.

गेल्या आठवड्यात शैलेंद्रजींनी मला देवास गेटच्या बसस्टँडवर गाठलं. म्हणाले, "सर, पालकांच्या वतीने तुम्हीच बोला. और वो मेले वाला किस्सा ज़रूर सुनाइए. लोकांना रडवा जरा!" मी हो म्हणून बसलो. घरी पोचेपर्यंत मात्र मनात खटकायला लागलं. तो किस्सा सांगायचा हक्क मला कुणी दिला? ज्या व्यक्तीचा तो आहे, ती माझ्याच घरात वरणभात जेवत होती. माझी मुलगी शर्वरी, वय वर्षं बारा. तिला विचारलं. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि वकिलासारखं विचारलं, "किती सांगणार?"

मग आमचं ठरलं. तेवढंच सांगतो.

ब्याण्णवच्या, आपल्या उज्जैनच्या सिंहस्थात शर्वरी सहा वर्षांची होती. गर्दीत माझ्या हातातून तिचा हात सुटला आणि ती एक रात्र हरवली. कुणा भल्या माणसाने तिला हरवलेल्या मुलांच्या तंबूत नेऊन बसवलं. तिथल्या लाउडस्पीकरवर रात्रभर तिचं नाव पुकारत होते. आम्ही नदीच्या पलीकडच्या काठावर शोधत होतो आणि तिकडच्या भोंग्यांवर भजनं चालली होती. सकाळी माझ्या वडिलांनी, तात्यांनी, तिला शोधून काढलं. त्या रात्री, आपलंच नाव ऐकत बसलेल्या त्या मुलीच्या मनात काय काय आलं, ते सांगायचं नाही असं ठरलं आहे. खरं तर मला ते माहीतही नाही. शर्वरीला माहीत आहे, आणि मृण्मयीताईंना.

मूल सापडलं. पेढे वाटले. घरी माणसांची रीघ लागली. आता, उज्जैनच्या मराठी मंडळींत तात्यांसारखा किस्से सांगणारा दुसरा नाही, हे पहिल्या रांगेत बसलेले तात्या स्वतःही नम्रपणे मान्य करतील. ते तोंडासमोर हातांचा भोंगा करायचे आणि नाकातून सुरू व्हायचे, "शर्वरी मुळ्ये, उम्र छह साल, पीली फ्रॉक, इनके परिजन जहाँ कहीं भी हों..." हुबेहूब! पाहुणे हसून हसून लोटपोट. मग शर्वरीला हाक, "ये गं, काकांना सांग कशी हरवली होतीस." पाहुण्यांसमोर आपण मुलांना पाढे म्हणायला लावतो, श्लोक म्हणायला लावतो, त्यातलाच हा प्रकार. कुणाच्या मनात काही वाईट होतं का? मुळीच नाही.

पण शाळेत हजेरीला ती उत्तर देईनाशी झाली. पूर्ण नावाने हाक मारली की तिचं अंग ताठ व्हायचं. मंडपाचा भोंगा वाजला की ती पलंगाखाली. आणि या गावात भोंगा कुठल्या दिवशी वाजत नाही? आमच्या माईंनी, म्हणजे माझ्या आईने, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. शेजारच्या सुलभाकाकू म्हणाल्या, "बच्ची है, भूल जाएगी. उगीच डोक्याच्या डॉक्टरकडे नेऊ नका हो, पोरीवर शिक्का बसेल." आम्ही वाट पाहिली. ती विसरली नाही.

मृण्मयीताई तेव्हा यजमानांच्या बदलीमुळे नुकत्याच इथे आल्या होत्या. धसका बसलेल्या मुलांवर उपचार कसे करायचे, याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. समाजाने त्यांना माधव नगरच्या या इमारतीतल्या मागच्या दोन खोल्या दिल्या. त्या एरवी सतरंज्या ठेवायला वापरत होतो. सुनंदाताई हसताहेत, पण खरं आहे ना?

पहिल्या दिवशी आम्ही सगळेच गेलो. ताईंनी विचारलं, "काय झालं होतं?" तात्यांना तेवढंच पुरे. भोंग्यासकट सगळा किस्सा झाला. ताई हसल्या नाहीत. त्या शर्वरीकडे पाहत होत्या. ती आईच्या पदरात डोकं खुपसून बसली होती. किस्सा संपल्यावर ताई म्हणाल्या, "तात्या, ही गोष्ट फार छान सांगता तुम्ही. मला द्याल का? ठेवायला?"

तात्या चक्रावले. "म्हणजे मी सांगायची नाही?"

"ती स्वतः मागेपर्यंत नाही."

"मग आल्यागेल्याशी बोलू काय?"

"हवापाण्यावर बोला."

मंडळी, ज्याने नात शोधून आणली, त्याच्याकडून तोच किस्सा मागून घेणं म्हणजे काय, याचा विचार करा. पण तात्यांनी शब्द पाळला. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "वो माल तो बाईंकडे जमा आहे." आणि नंतर खरोखरच हवेवर बोलायचे. इतकं, की पाहुणे लवकर उठू लागले.

आत खोलीत काय चालायचं? मी ताईंना विचारायचो. त्या म्हणायच्या, "खेळलो." मला राग यायचा. खेळायला शाळा नव्हती का? पुढे शर्वरीनेच सांगितलं. पुठ्ठ्याचा एक भोंगा होता, वाळूची एक पसरट पेटी होती, बाहुल्या होत्या. शर्वरी भोंग्यातून एकेका बाहुलीचं नाव पुकारायची. नाव पुकारलं की त्या बाहुलीला कुणीतरी लगेच उचलून घ्यायचं. उशीर चालायचा नाही. ताईंचं नावही तिने पुकारलं. ताईंनी प्रत्येक वेळी "मी इथे आहे" म्हटलं. स्वतःचं नाव मात्र ती कितीतरी महिने कुणाला घेऊ देत नव्हती. ताईंनीही ते कधी घेतलं नाही. घाई करणं किती सोपं होतं! एके दिवशी तिने स्वतःच भोंगा ताईंच्या हातात दिला.

ती पूर्ण बरी झाली का? गर्दीत ती अजून माझी बाही धरते. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "धरू दे. बाही कुणाची धरायची, हे तिला कळतं ना?" ताई आता नागपूरला चालल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या अपर्णाताई त्या दोन खोल्या पुढे चालवणार आहेत. समाजाला माझी विनंती एवढीच, की सतरंज्या आता दुसरीकडे ठेवाव्यात.

शर्वरीची एक अट राहिली. ती मृण्मयीताईंनाही ठाऊक नाही. मला म्हणाली, "शेवटी माइकवर माझं पूर्ण नाव घ्या. मी उत्तर देईनच असं नाही. नाही दिलं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच आभार मानायचे." मी कबूल केलं आहे. हा माइक, आणि वर हे दोन भोंगे.

शर्वरी श्रीकांत मुळ्ये.

...

"आहे ना इथे! ओरडताय कशाला, बाबा?"

ऐकलंत आपण. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

मृण्मयीताई, आम्हा सगळ्यांकडून आभार. समाजाचे, अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचेही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आणि तात्या, डोळे पुसून झाले असतील तर एक सांगतो. आजचा हा नवा किस्सा घरी जाऊन कुणाला सांगायचा असेल, तर आधी तिला विचारा.