तीन डोंगर, एक अस्वल

(स्लोव्हेनियातलं डोंगरी गाव. शिकारमंडळाचा प्रमुख बोगोमीर, त्याची वनखात्यात काम करणारी मुलगी झार्या आणि मेंढ्या पाळणारी बहीण तिल्का स्वयंपाकघरात बसलेत. टेबलावर अस्वलाच्या गळ्यातला रेडिओ-पट्टा.)

झार्या : हा पट्टा मीच तिच्या गळ्यात बांधला होता, बाबा. गोळी घालताना दिसला नाही तुम्हाला?

बोगोमीर : अंधारून आलं होतं. आणि दिसला असता तरी काय? मंडळाला एका अस्वलाची परवानगी होती, एकच मारलं. तिच्या तोंडात शेवटचा घास म्हणून फांदी ठेवली, टोप्या काढून उभे राहिलो. मान ठेवला तिचा.

झार्या : आणि दुसरी फांदी टोपीत खोचून दोन दिवस गावभर हिंडताय.

बोगोमीर : रीत आहे ती. मोजणीत तीन डोंगरांवर तीन अस्वलं दिसली, म्हणून तीन मंडळांना एकेक मिळालं. यात माझं काय चुकलं?

झार्या : तीन नव्हतीच. ती कुठे फिरते ते हा पट्टा मला कळवत होता. मोजणीच्या संध्याकाळी ती आधी पलीकडच्या मंडळातल्या विन्कोकाकांच्या मचाणाखाली मका खाऊन आली, मग तुमच्या, मग तिसऱ्या डोंगरावरच्या स्तोयानच्या. तुम्ही तिघांनी एकीलाच मोजलंत.

बोगोमीर : अगं, एकच अस्वल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून तर सगळे एकाच संध्याकाळी बसतो. माझ्या बापाच्या वेळेपासून.

झार्या : संध्याकाळ एकच, पण तिला पाय नव्हते का? एरवी ती एवढी भटकायची नाही. नेमकी त्याच दिवशी का भटकली, तेच मला कळत नाहीये.

तिल्का : ते मी सांगते. याचा ट्रॅक्टर माझ्याच कुरणावरून गेला. एरवी घमेलंभर मका टाकतात, त्या दिवशी ट्रॉली भरून नेला. वर मध ओतला.

बोगोमीर : तू गप्प बस, तिल्का. विन्कोनेही टाकला होता. आपल्याच डोंगरावर भोपळा आला तर लोकांना काय तोंड दाखवायचं?

तिल्का : म्हणजे पंगत मांडायची, आलेल्या पाहुण्याला मोजायचं आणि मग गोळी घालायची. वर म्हणे मान ठेवला.

बोगोमीर : तुझ्या मेंढ्या गेल्या तेव्हा तूच म्हणाली होतीस, मारा सगळी.

तिल्का : म्हणाले होते. अस्वलाने मेंढ्या खाल्ल्याचा मला राग आहेच. पण मका तूच माझ्या कुंपणाजवळ आणून टाकतोस, त्याचाही आहे.

झार्या : मेंढ्यांचं नंतर बोलू. विन्कोकाका आणि स्तोयान आज संध्याकाळी बसणार आहेत, आपापलं अस्वल मारायला. परवानग्या दोन उरल्यात आणि मोजलेलं अस्वल एकही उरलेलं नाही. मग मक्याला येणार कोण?

बोगोमीर : येईल कोणीतरी. जंगल काही ओस पडलेलं नाही.

झार्या : तिची पोर येईल. यंदाच आईपासून सुटी झालेली. उन्हाळ्यात तुम्हीच मला दाखवलीत, ओढ्यापलीकडे. आईने दाखवलेल्या जागा तेवढ्या तिला ठाऊक आहेत, आणि त्या तिन्ही ठिकाणी बंदुका आहेत.

बोगोमीर : मग सांग ना तुझ्या साहेबांना.

झार्या : सांगितलं. म्हणाले, पुढच्या वर्षीच्या आकड्यांत दुरुस्ती करू. तोवर ती जगेल का? विन्कोकाकांना मी सांगायला गेले तर म्हणतील, कालची पोर आम्हाला शिकार शिकवते. तुमचं ऐकतील.

बोगोमीर : मी काय सांगू त्यांना? मीच ट्रॉलीभर मका ओतला, आणि एक अस्वल तीनदा मोजून घेतलं? सगळ्या मंडळांत हसं होईल माझं.

तिल्का : होऊ दे. हसण्याने कोणी मरत नाही.

झार्या : बाबा, मी फोन लावलाय. घ्या.

तिल्का : आधी टोपीतली ती फांदी काढ.

बोगोमीर : हॅलो. विन्को, मी बोगोमीर. आज मचाणावर जाऊ नकोस, स्तोयानलाही सांग… नाही रे, तब्येत ठीक आहे. तुझं अस्वल परवा मीच मारलं. त्याचंही.