मोहतळ्याची पंगत

ऐका. जवळ सरका, अन् तो कंदील खाली ठेवा, डोळ्यावर येते.

माहा बाप इस्तारी दिवस बुडाल्यावर घरून निघाला. काहून निघाला? मी झाली होती ना. माय माहेरी बाळंत झालेली, दुसऱ्या दिवशी माहं बारसं. शहान्या मानसानं सकाळीच निघावं. पन बापाले पायी फिराचा भारी नाद. आपल्या मुलखात तळे काय कमी आहेत? हरेक तळ्याची पाळ चढून पाहाची, पडकं देऊळ दिसलं का आत शिराचं. त्याले वाटेतल्या मोहतळ्यावरच्या जुन्या शिळा चांदन्यात पाहाच्या होत्या. मोठाले उभे दगड, गोल मांडलेले. कोनी मांडले, कवा मांडले, कोनाले ठाव. म्हातारे म्हनत, खाली मानसं पुरली आहेत. तो म्हने, मेलेले काय खातात मले?

तर पोचला. चांदनं पडलेलं, तळं गप. भूक लागली म्हनून गोलाच्या मधोमध बसला अन् शिदोरी सोडली. भाकर, लाखोरीच्या डाळीचे वडे. पहिला घास तोंडात घालते तं मागून पावलं वाजली. आता जेवताना कोनी आलं तं आपन काय म्हनतो? तेच म्हनला तो. सवयीनं. मान वर न करता.

"या जेवाले."

झालं. बोलावलं त्यानं.

एक म्हातारा समोर येऊन बसला. बापानं त्याले अर्धी भाकर देली. म्हाताऱ्यानं ती दोन्ही हातानं धरली, तवा बापाले दिसलं, नखात माती. ओली माती. त्याले वाटलं, असन कोनी वावरातला. मंग दुसऱ्या दगडाजवळ एक बाई बसली. मंग तिसऱ्याजवळ कोनी. ऐकून राहिले ना? दगडागनिक एकेक. येताना कोनी दिसे नाही, बसलेलेच दिसत. अन् साऱ्यांचे हात पुढं.

तवा बापाले समजलं, हे जित्ते नाहीत. पन उठन कसा? आपनच बोलावलेली पंगत. ती उठल्याबिगर यजमान उठते का? तो वाढत गेला. भाकर सरली, वडे सरले. हात तसेच पुढं. मंग म्हाताऱ्यानं इचारलं, कुठं चालले. बाप भेलेला, खरंच सांगून बसला, पोरीचं बारसं आहे म्हने.

साऱ्या माना त्याच्याकडं वळल्या.

"आमी येतो बारशाले," म्हातारा म्हनला. "नाव आमीच ठेवतो. आमच्यातलंच ठेवतो."

आता समजा तुमी. त्याईनं नाव ठेवलं तं लेकरू त्याईचं. बापाले रडू फुटलं. पन त्या रडन्यातच त्याले सुचलं. हात जोडून म्हनला, पाहुने हो, जेवन झालं, आता हात धुवा, पानी खाली तळ्यात आहे. जित्तेपनी पाळलेली पंगतीची रीत, मोडतीन कसे? सारे उठले. रांगेनं उतरले. पान्यात गेले. गुडघ्यापर्यंत, मंग कमरेपर्यंत. पान्याचा आवाज नाही, बाप्पा. जरासा नाही.

बाप पळाला. धोतर फाटलं, पायात काटे मोडले, तो थांबला नाही. मागून हाका येत, इस्तारी, हात धुतले, चाल ना. अन् नाव तं त्यानं सांगितलंच नव्हतं.

पहाटे सासऱ्याच्या दारात येऊन पडला. घरात पाळना बांधलेला. बापानं तो सोडाले लावला. बारसं नाही, म्हने. माय भांडली, आजी रडली, तो ऐकेचना. पुढच्या महिन्यात करू म्हने, मंग पुढच्या वर्षी. राहिलंच ते. त्याईनं बारशाले येतो म्हनलं होतं ना. बारसं झालं असतं तं ते आले असते.

म्हनून मले सारे नुसतं बाई म्हनतात. लग्नात सासरचे नवं नाव ठेवतात, तेही मी ठेवू देलं नाही. लई वाईट वाटते कधीकधी. एवढी म्हातारी झाली, नाव नाही. तुमच्यातल्या कोनी मायेनं ठेवाचं म्हनसान, तं ठेवू नका. अन् मोहतळ्याच्या वाटेनं जाऊ नका. दिवसाही नाही. ते अजून वाट पाहून राहिले, माह्या बारशाची.